मिलचं अक्षर

दादा,

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी शालिकभाऊ कोरा बोर्ड सायकलला बांधून आला. तीन बाय पाचचा, पांढरा कोट मारून वाळवलेला. वीस वर्षं तुझ्यासोबत भिंती रंगवलेला माणूस, पण त्या सकाळी बोर्ड कुठं टेकवावा हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं तो अंगणातल्या बोरिंगच्या हातपंपाला टेकवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ताई, जलदानाच्या कार्यक्रमाचा बोर्ड रोडवर लावा लागते. कोन्या अक्षरात लिहू? मिलच्या का बारीक?"

वहिनी दारात बसली होती. तिनं मान वर केली नाही. "ताईलेच विचारा भाऊ," ती म्हणाली. "त्याईचं अन् ताईचं याच्यावरच त वाजलं होतं."

वाजलं होतं, खरं आहे. ते मिटायच्या आधीच तू निघून गेलास आणि तुझं नाव माझ्या ओंजळीत टाकून सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसले. घरातली पहिली बी.ए. मी. भंडाऱ्याच्या ऑफिसात दिवसाला पन्नास अर्ज वाचते, कोणता कुठं जाईल ते झटक्यात सांगते. आणि मला दोन अक्षरांतलं एक सांगता येईना.

"उद्या सांगते," म्हणाले. शालिकभाऊ बोर्ड तिथंच ठेवून गेला. दिवसभर तो पांढरा बोर्ड अंगणात उभा होता. येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्याकडं बघायचा, मग आमच्याकडं.

तुला ठाऊक असलेलंच तुला सांगते आहे, दादा, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना ते ठाऊक नाही. आपले बाबा साकोलीच्या राईस मिलमध्ये हमाल होते. शाळा सुटली की तू त्यांचा डबा घेऊन जायचास. तिथल्या जुन्या मशीनवर लोखंडात ओतलेली एक इंग्रजी पाटी होती. तुला तेव्हा इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून तू ती वाचली नाहीस, नुसती पाहिलीस. जाड जाड अक्षरं. प्रत्येक उभ्या दांडीला वर आणि खाली एकेक चौकोनी ठोकळा, खांबाला जोतं असावं तसा. बाबा पाठीवर पोतं घेऊन त्या पाटीखालून जायचे आणि तू तिथं डबा धरून उभा. बाबा म्हणायचे, पोरगा जेवण द्यायला येते का मशीन विकत घ्यायला येते, समजतच नाही.

दहावीनंतर तू शाळा सोडून ब्रश धरलास आणि ते ठोकळे मराठीत आणलेस. वरचे सोडून दिलेस, खालचे ठेवलेस. "आपल्या अक्षराले वर छत आहेच," तू म्हणायचास, "खाली तेवढा पाया पायजे." शिरोरेषा तीन बोटं जाड, काना चार बोटं जाड, कान्याच्या तळाशी ठोकळा, आणि ठोकळ्याचे कोपरे असे की हात लावला तर टोचतील. गोलाई नाही, वेलबुट्टी नाही, मागे सावली नाही. लोकांनीच त्याला नाव दिलं, मिलचं अक्षर. खताचं दुकान काढलं, मिलच्या अक्षरात लिहून दे. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरवला, मिलच्या अक्षरात. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचे कापडी बोर्ड तर तू अंगणभर पसरून लिहायचास, आणि वहिनी त्यांच्यामधून उड्या मारत पाण्याला जायची.

ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीवर तू 'येथे लघवी करू नये' हेसुद्धा मिलच्या अक्षरात लिहिलंस. सरपंच म्हणाले, "काय गा देवानंद, एवढ्याशा गोष्टीले एवढं जाड कायले?" तू ब्रश पुसत म्हणालास, "बारीक लिहलं त वाचाले जवळ येते माणूस. अन् जवळ आला का उरकूनच जाते." ती भिंत अजून कोरडी आहे, दादा.

मी कॉलेजात होते तेव्हा तुझ्या या अक्षरावर एक निबंध लिहिला होता. ज्या माणसांना गावात पाय रोवून उभं राहू दिलं नाही, त्यांच्या पोरानं अक्षरांना पाय दिले, असं काहीतरी. सरांनी वर्गात वाचून दाखवला. मी घरी येऊन तुलाही वाचून दाखवला, मोठ्या ऐटीत. तू पूर्ण ऐकून घेतलास. मग म्हणालास, "चांगलं लिहलं. पण तसं नाही ना बाई. काना खाली येतायेता ब्रशातला रंग संपते, शेवट फाटते. ठोकळा दिला का फाटलेलं झाकते." मी चिडले. म्हटलं, तुला तुझंच समजत नाही. तू हसलास, "हाव, माह्यं तुलेच समजते."

पण मग 'द'चं काय, दादा? मराठीत बऱ्याच अक्षरांना खालपर्यंत काना नसतोच. द, ट, ठ, ड, र, ह, नुसते शिरोरेषेला लटकलेले. त्यांना ठोकळा द्यायला जागाच नाही. शालिकभाऊ म्हणायचा, राहू द्या ना भाऊ, कोणी पाहत नाही. मीही तेच म्हणाले, तेव्हा तू दोन वर्षं त्या 'द'मागे लागला होतास. शेवटी तू त्याची शेपटी सरळ खाली ओढलीस आणि तिच्या टोकाला छोटा ठोकळा बसवलास. वाकडंच दिसायचं आधी. मी म्हटलं, "कशाला हा खटाटोप? ज्याला पाय नाही त्याला नाही." तेव्हा तू ब्रश खाली ठेवलास. "एका पंगतीत सगळ्यायले पाट," तू म्हणालास, "अन् एकाले भुईवर बसवशील का तू?"

निबंधात मी जे लिहिलं होतं ते हेच होतं ना रे? मग तेव्हा कबूल का केलं नाहीस? हे मी तुला विचारणार होते. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी म्हणत राहिले.

कॉलेजची तीन वर्षं मी आपल्या एकोडीवरून साकोलीला रोज एसटीनं जायचे आणि तू मला कामाला लावलं होतंस. साकोलीच्या रस्त्यावर तुझे चार बोर्ड होते. संध्याकाळी घरात पाय ठेवला की तुझा पहिला प्रश्न, "कोन्या झाडापासून वाचता आलं?" मी सांगायची, खताचा बोर्ड मोहापासून, दवाखान्याचा त्याच्या पुढच्या येनापासून. मोह लांब, येन जवळ. येन म्हटलं की तुझं तोंड पडायचं. रविवारी तू शिडी घेऊन जायचास, पांढरा कोट मारून सगळं परत लिहायचास, दोन अक्षरांमधली जागा एक बोट वाढवून. दुकानदार म्हणायचा, चांगलं तर होतं. तू म्हणायचास, तुमी उभे राहून वाचून राहिले, गिऱ्हाईक गाडीत बसून जाऊन राहिले.

मी एकदा खोटं बोलले होते. परीक्षा होती, बसमध्ये पुस्तक वाचत होते, बोर्ड पाहिलाच नाही. संध्याकाळी तुला 'मोहापासून' म्हणून सांगून टाकलं. तुझा चेहरा असा फुलला की खरं सांगायचा धीर झाला नाही. तो धर्मकाट्याचा, ट्रक तोलतात तिथला बोर्ड होता. तुझ्या हातचा सगळ्यात वाईट बोर्ड तोच, आणि तो तसाच राहिला, माझ्यामुळं.

बी.ए. झाले तेव्हा तू मला न विचारता रस्त्याकडच्या भिंतीवर 'सुजाता बी.ए.' असं लिहून टाकलंस. मिलच्या अक्षरात, माणसाच्या उंचीचं. मी लाजून दोन दिवस बाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत मुद्दाम त्या भिंतीसमोरून गेले, मान वर करून. खोटं कशाला बोलू? मला ते आवडलं होतं. आजही कोणी शिक्षण विचारलं की मी बी.ए. जरा मोठ्यानंच सांगते. बघायला आलेले पाहुणे मात्र भिंत वाचूनच अर्धे गार व्हायचे. एकानं बाबांना विचारलं, "पोरगी बोलते ना जी साधी, का अशीच बोलते?"

आणि मी काय केलं? नोकरी लागल्यावर ऑफिसात कोणी विचारलं, भाऊ काय करतात, तर मी सांगायचे, जाहिरातीचा व्यवसाय आहे. तू एकदा डबा द्यायला ऑफिसात आलास, नखांत निळा रंग, आणि मी नेमकं तेच वाक्य कोणाला तरी सांगत होते. तू मागं उभा होतास. घरी जाऊन वहिनीला म्हणालास, "आजपासून मले पेंटर नोको म्हणू. आपला व्यवसाय आहे." वहिनी हे मला हसत सांगायची. मीही हसायची. एकदाही तुझ्याजवळ येऊन, दादा, चुकलं, असं म्हणाले नाही. 'पेंटर' या शब्दानं माझं काय बिघडत होतं, ते आज मला सांगता येत नाही.

फ्लेक्स आले आणि तुझी कामं एकेक करून गेली. तू तक्रार केली नाहीस. मीच एकदा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तुला एक जाड अक्षर दाखवलं होतं, खाली ठोकळेवालं, बरंच तुझ्यासारखं. म्हटलं, बघ, आता हेही आलं. तू बराच वेळ पाहिलंस, मग स्क्रीनवर नख ठेवून म्हणालास, "बसवलं चांगलं आहे. पण याले चालत्या गाडीतून कोणी वाचून पाह्यलं का?" आमच्या ऑफिसात चालती गाडी नसते.

आता त्या भांडणावर येते.

बाबा गेले तेव्हा आपण शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, त्यांचा छोटा सिमेंटचा ओटा बांधला. नाव तू लिहिणार हे ठरलेलंच होतं. मी तुझ्या मागं लागले, मिलच्या अक्षरात लिही. त्यांचं नाव आयुष्यात मिलच्या हजेरीपटाशिवाय कुठं लिहिलं गेलं नव्हतं. एकदा तरी मोठं लिहिलं जाऊ दे, की धुऱ्यावरून जाणाऱ्याला थांबावं लागेल. तू ऐकलंस आणि सगळ्यात बारीक ब्रश काढलास. काडीसारख्या अक्षरात नाव लिहिलंस, करंगळीएवढ्या उंचीचं.

मी चारचौघांत तुला बोलले. "जगाच्या खताच्या दुकानाला एवढं एवढं जाड अक्षर, अन् आपल्या बापाला काडी?"

तू म्हणालास, "दुकानाले गिऱ्हाईक पायजे. बाबाले का पायजे?"

"मान पाहिजे."

"मान काय जाडीत राहते का?"

"हे अक्षर बाबाच्याच मिलमधून आलं ना? मग त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा?"

तेव्हा तू चिडलास. तुला चिडलेलं मी फार वेळा पाहिलं नाही. "जड आहे ते अक्षर, सुजाता. तुले नुसतं दिसते, मले लिहताना लागते. बाबाच्या पाठीवरचं आता कुठं उतरलं, अन् तू परत ठेव म्हणतेस?"

मी तरी गप्प बसले का? नाही. म्हणाले, तुला बापाची लाज वाटते. हेच वाक्य, दादा. ज्या बाईनं ऑफिसात भावाला व्यवसायवाला केलं, तिनं तुला हे ऐकवलं. तू रंगाचा डबा बंद केलास आणि घरी निघून गेलास. महिनाभर आपण बोललो नाही. मग बोलायला लागलो, पण त्या ओट्याजवळ दोघं कधी एकत्र गेलो नाही. तू मेलेल्या माणसाचं नाव मिलच्या अक्षरात कधीच लिहिलं नाहीस. गावच्या पाटलाचा बाप गेला तेव्हाही नाही. वरून पैसे देत होते तरी नाही.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मी तुझ्या उशाशी बसून होते, आणि मला ते वाक्य परत घ्यायचं होतं. तू मास्क बाजूला करून विचारलंस, "ऑफिसातून सुट्टी मिळाली का?" मी म्हटलं, मिळाली. "किती दिवस?" म्हटलं, तू बरा होईस्तोवर. तू म्हणालास, "मंग त ऑफिसचे साहेब लवकरच भेटते तुले." आपण दोघं हसलो, आणि त्या हसण्यात ते वाक्य तिथंच राहिलं.

तर असा तो कोरा बोर्ड अंगणात उभा होता, आणि मी ठरवत होते. माझं मन म्हणत होतं, मिलचंच. हे अक्षर तुझं आहे, तुझ्यासोबत जाणार आहे, शालिकभाऊच्या हातात ते तसं उतरत नाही. निदान शेवटचं एकदा, तुझ्याच नावात, पायावर उभं राहू दे. दोन 'द' आहेत तुझ्या नावात. दोन्ही पंगतीत बसले असते. पण मग वाटलं, तुझं नाव लिहितानाही मी माझंच म्हणणं खरं करणार का? एवढं बोलून झालं, एवढं दुखवून झालं, आता तू उत्तर देऊ शकत नाहीस तेव्हा जिंकू?

दुसऱ्या दिवशी शालिकभाऊ आला. मी म्हटलं, "बारीक लिहा."

त्यानं मान हलवली, पण ब्रश काढला नाही. "ताई, रोडवर लावाचा आहे. ओट्यावर नाही."

"त्याला जसं आवडलं असतं तसं लिहा."

तो बोरिंगजवळ बसून लिहीत राहिला. काळ्या रंगात, काडीसारखं, हळूहळू. 'स्मृतिशेष देवानंद'. लिहून झाल्यावर आम्ही तिघं समोर उभे राहिलो. सुंदर दिसत होतं रे. वहिनी पहिल्यांदा नीट रडली. मला वाटलं, हे एक तरी मी तुझ्या मनासारखं केलं.

जलदानाचा कार्यक्रम दहाव्या दिवशी होता. अंगणात माणसं मावणार नाहीत म्हणून गावाबाहेर काकांच्या रिकाम्या बांधीत मांडव टाकला होता, धान कापून झालेल्या जागेत. बोर्ड रस्त्यावर, बांधीकडं वळायच्या जागी. दहाची वेळ. भन्तेजी आले, गावातली माणसं आली, पण बाहेरगावची कोणीच नाही. साडेदहा वाजले. लाखांदूरकडचे पेंटर टेम्पो करून येणार होते, त्यांचा पत्ता नाही. मी फोन केला. "ताई, आमी एकोडी सोडून कवाच पुढं आलो. बोर्ड कोठं होता?" दिघोरीची आत्या दोन गावं पुढं उतरली आणि उन्हात चालत परत आली. मांडवात पाय ठेवल्याठेवल्या माझ्यावर बरसली, "वो सुजाता, माह्या भाच्यानं साऱ्या जिल्ह्याचे बोर्ड लिहले, अन् त्याचाच बोर्ड कोनाले दिसू नाही? बसमधून पाहून पाहून माह्ये डोये फुटले!"

शालिकभाऊ माझ्याकडं बघत होता.

दादा, मी तुझं सगळं पाळलं आणि तुझं पहिलंच काम विसरले. तीन वर्षं रोज झाडं मोजली, आणि तो बोर्ड चालत्या गाडीतून वाचून बघायचं मला सुचलं नाही. तो घराच्या अंगणात तीन हातांवरून वाचला आणि रस्त्यावर नेऊन उभा केला. बी.ए.

परत लिहायला वेळ नव्हता. रंग वाळला नसता. लांबून साकोलीची बस येताना दिसली, आणि मी मांडवातून उठून रस्त्यावर गेले. पांढरी साडी, अनवाणी. हात वर केला. आपल्यात मोठ्या भावाचं नाव घेत नाहीत. मी जन्मात तुला नावानं हाक मारली नव्हती, फॉर्मवरसुद्धा 'भाऊ' लिहून चालत असेल तर तेच लिहायचे. बस जवळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, "देवानंद पेंटर! देवानंद पेंटरचा कार्यक्रम इकडं!"

ड्रायव्हरनं वेग कमी केला. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "कोनाचा?"

"देवानंद पेंटर! माझा भाऊ!"

बस थांबली. सात-आठ माणसं उतरली, त्यातले दोन मी कधी पाहिलेले नव्हते. एकजण म्हणाला, माह्या दुकानाचा बोर्ड त्याईनंच लिहला. ती माणसं बांधीकडं वळली, आणि मागून टेम्पो परत येताना दिसला. मी परत हात वर केला. मग एक ऑटो. मग दुसरी बस. लोक म्हणाले, ताई, आता बसा, आम्ही पोरं उभी करतो. मी हलले नाही. तासभर मी त्या डांबरावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तुझं नाव सांगितलं, आणि नावापुढं पेंटर लावलं. मोठ्यानं. ओळखीच्यांना, अनोळखींना, आमच्या ऑफिसचे साहेब जीपमधून आले त्यांनाही.

तुला ते आवडलं असतं की नाही, मला माहीत नाही. बोर्ड बारीक ठेवला ते बरोबर होतं की चूक, तेही अजून ठरलेलं नाही, आणि आता ठरणारही नाही.

आज सोळा दिवस झाले. घसा बसला तो अजून सुटला नाही. सोमवारपासून ऑफिसला जाते आहे. खिडकीवर येणाऱ्या माणसाला मी काय सांगते ते ऐकू जात नाही, तो वाकतो, कान पुढं करतो. सगळे विचारतात, मॅडम, सर्दी झाली का? मी नाही म्हणून मान हलवते.